पिकांची मुळं नेमकी किती खोल जातात? खड्डा खणून मोजलं, आणि प्रश्न वाढले

वाफसा (धागाकर्ता)

मंडळी, पाणी देताना मी बरीच वर्षं एक तक्ता समोर ठेवत आलोय. अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये पिकांच्या पाण्याच्या गरजेवर मार्गदर्शिका काढली, त्यातला. कांद्याची मुळं ०.३ ते ०.६ मीटर, मक्याची १ ते १.७ मीटर, सूर्यफुलाची ०.८ ते १.५ मीटर. हे आकडे धरून मी मक्याला सव्वा मीटरपर्यंत ओल पोचेल असा हिशेब करायचो. तरी दोन पाळ्यांमध्ये जरा अंतर पडलं की मका दुपारी पानं गुंडाळायचा. खाली ओल असूनही.

या हंगामात एकाच तुकड्यात मका, सूर्यफूल, तूर आणि कांदा असे पट्टे शेजारी शेजारी घेतले. मक्याला तुरा आला, सूर्यफूल फुललं, तेव्हा सगळ्या पट्ट्यांतून आडवा चर खणला, दीड मीटर खोल. झाडाच्या बुंध्यापासून वीतभर अंतरावरची भिंत कुदळीने सरळ केली, फवारणी पंपाने हलकेच पाणी मारून अर्धा सेंटिमीटर माती धुतली आणि सुतळीने ५ सेंटिमीटरचे चौकोन आखून प्रत्येक चौकोनातली मुळं मोजली. दोन दिवस गेले. जे दिसलं ते असं:

कांदा: जवळजवळ सगळं वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये. हे अपेक्षित होतं.

मका: २४ सेंटिमीटरपर्यंत दाट जाळं, आणि तिथे जणू फरशी लागावी तशी मुळं आडवी वळलेली. मोजकी मुळं खाली गेलीत, तीही ७० सेंटिमीटरच्या आसपास संपलीत.

सूर्यफूल: सोटमूळ त्याच २४ सेंटिमीटरला कोपरासारखं वाकलं, बोटभर आडवं सरकलं, एक भेग सापडली आणि तिथून सरळ १ मीटर १० सेंटिमीटरपर्यंत उतरलं.

तूर: सगळ्यात खोल हीच निघेल असं वाटत होतं. कशीबशी ६० सेंटिमीटर. हे मला अजिबात पटलेलं नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तक्ता चुकीचा आहे का? आणि खाली जी चार-दोन बारीक मुळं दिसतात, त्यांचा पिकाला खरंच काही उपयोग होतो, की ती नुसती दिसायला?

औताचा_धनी

वाफसा, तुझ्या २४ सेंटिमीटरचं उत्तर तुझ्या नांगरात आहे. दरवर्षी त्याच खोलीला फाळ चालतो, खालची माती तासली जाते, दाबली जाते. त्यात ट्रॅक्टरचं एक चाक तासातून फिरतं, आणि माती ओलसर असली की दाब आणखी खाली उतरतो. मी ही कोपरासारखी मुळं कपाशीला इतक्या वेळा पाहिलीत की झाड उपटल्यावर माझी नजर आधी सोटमुळाकडेच जाते.

खड्डा न खणता कळायचं असेल तर जमिनीत वाफसा (ना चिखल, ना कोरडी) असताना बोटाएवढी लोखंडी सळई हाताने दाबत जा. एका जागी ती अडते, अंगाचा भार टाकावा लागतो, मग पुन्हा मऊ लागते. अडली तिथे नखाने खूण कर आणि मोज. वीस ठिकाणी करून बघ. वीसही ठिकाणी एकाच खोलीला अडली तर तो नांगराचा थर, वेगवेगळ्या खोलीला अडली तर जमीनच तशी. माती कोरडी असताना हे करू नकोस, तेव्हा सगळीच जमीन कडक लागते.

आणि एक. दीड मीटरचा चर एकट्याने खणत जाऊ नकोस. काढलेली माती काठावर ठेवायची नाही, हातभर तरी लांब टाकायची, आणि छातीच्या वर खोली गेली की एका बाजूला पायऱ्या काढायच्या. ओली भिंत आवाज न करता बसते. हे मी गमतीने सांगत नाहीये.

केसमूळ

वाफसादादा, तुम्ही केलंत त्याला आमच्याकडे चराच्या भिंतीची पद्धत म्हणतात, आणि इतक्या निगुतीने ती करणारे फार थोडे. नेब्रास्का विद्यापीठातले जॉन वीव्हर विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत असेच चर खणून, सुईसारख्या अवजारांनी माती उकरत एकेका पिकाचं मूळ चौकटीच्या कागदावर उतरवत असत. ऑस्ट्रियाच्या लोरे कुचेरा यांनी तेच काम पुढे नेलं, आणि १९६० मध्ये त्यांचा शेतातल्या तणांच्या व पिकांच्या मुळांचा चित्रसंग्रह छापला गेला. आजही एखाद्या पिकाची मुळं पूर्ण उलगडलेली पाहायची असतील तर ती चित्रं उघडावी लागतात.

आता तक्ता. तो चुकीचा नाही, पण त्यातला आकडा म्हणजे वाट मोकळी असेल तर पीक कुठवर पोचू शकतं त्याची मर्यादा. ज्या जमिनीत पाणी साचत नाही, कडक थर नाही, खारटपणा नाही, त्या जमिनीतला. तुमच्या मक्याने ७० सेंटिमीटरला हात टेकले यात मक्याचा दोष कमी आणि जमिनीचा जास्त. पीक ठरवतं ते मुळाचा कोन, वेग आणि जाडी. खोली ठरवायला जमीन बरोबरीची धनी आहे.

मूळ कसं उतरतं ते पाहिलं तर हे उलगडेल. टोकाला एक टोपी असते. तिच्या पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात, ते ज्या बाजूला बसतात ती बाजू खाली, हे मुळाला त्यावरून कळतं. टोपी चिकट स्राव सोडते आणि बाहेरच्या पेशी झडत राहतात, म्हणून घर्षण कमी होतं. तरी मुळाला ढकलायची ताकद मर्यादितच. टोकदार दांड्याने मातीचा अडथळा मोजतो तेव्हा तो साधारण २ मेगापास्कल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास २० किलो, झाला की बहुतेक पिकांची मुळवाढ जवळपास थांबते. दांड्याला मुळापेक्षा खूप जास्त घर्षण लागतं, त्यामुळे मुळाला प्रत्यक्षात सोसावा लागणारा दाब याहून कमी असतो, हेही लक्षात ठेवायचं.

पण गोष्ट नुसत्या ताकदीची नाही, आणि मला स्वतःला या विषयातलं सगळ्यात आवडलेलं काम इथलंच आहे. २०२१ मध्ये असं दाखवलं गेलं की घट्ट मातीत मूळ थांबतं ते बऱ्याच अंशी इथिलीन वायूमुळे. मूळ हा वायू सोडतंच. मोकळ्या मातीत तो पोकळ्यांतून निघून जातो. घट्ट मातीत पोकळ्या बंद, म्हणून तो मुळाभोवती साठतो, आणि मूळ तो इशारा समजून लांबी वाढवणं सोडतं, जाड होतं. ज्या रोपांना इथिलीन ओळखताच येत नाही, त्यांची मुळं त्याच घट्ट मातीत जास्त खोल शिरली. म्हणजे तुमच्या मक्याची मुळं वळली तेव्हा त्यांच्यातली ताकद संपली होती असं नाही. पुढे वाट नाही असं त्यांना कळलं होतं.

तुरीचं उत्तर सोपं आहे. तुम्ही तिला फार लवकर पाहिलंत. तूर सुरुवातीला वर आणि खाली दोन्हीकडे सावकाश चालते. मक्याची मुळं मोकळ्या जमिनीत दिवसाला दोन-अडीच सेंटिमीटर उतरू शकतात, पण ही धाव फुलोऱ्याच्या सुमारास संपते, कारण पुढे सगळं अन्न कणसाकडे जातं. तुरीला पुढे कितीतरी महिने आहेत. तिच्या फुलोऱ्यात पुन्हा खणा. पिकांची तुलना एकाच तारखेला करायची नसते, एकाच अवस्थेला करायची असते.

दुसऱ्या प्रश्नाचं रात्री लिहिते, ते थोडक्यात होण्यासारखं नाही.

नवखा_पेरा

राय नावाच्या धान्याबद्दल वाचलेलं आठवलं. १९३७ मध्ये डिटमर नावाच्या संशोधकाने पेटीत वाढवलेल्या एकाच चार महिन्यांच्या रोपाची मुळं मोजली, ती सगळी जोडली तर ६२० किलोमीटरच्या वर भरली. केसमुळं धरली नाहीत तरी. आणि पेटी दोन घनफुटांपेक्षाही लहान! तेव्हापासून माझ्या मनात मूळ म्हणजे ‘खाली जाणारी दोरी’ राहिलेलंच नाही.

माझ्याकडे दीड मीटरचा चर खणायला ना माणसं ना वेळ. काही सोपं आहे का?

केसमूळ

नवखा, आहे. तुमचा प्रश्न आधी घेते.

मातीचा नमुना काढायचं गिरमिट घ्या, साधारण ७ सेंटिमीटर रुंद तोंडाचं. दर १५ सेंटिमीटरला मातीची कांडी बाहेर काढा, मधोमध हाताने मोडा आणि मोडलेल्या दोन्ही तोंडांवर बाहेर आलेली मुळांची टोकं मोजा. झालं. ओळीत एक, दोन ओळींच्या मध्ये एक, असे निदान सहा-सात नमुने घ्या, कारण मुळं सारखी पसरलेली नसतात. पांढरी, लवचीक ती जिवंत. तपकिरी, ओढली की साल निसटणारी ती जुनी किंवा मेलेली. वरच्या थरात आधीच्या पिकाची मेलेली मुळं खूप असतात, ती धरलीत तर आकडा फुगतो.

प्रयोगशाळेत हीच कांडी अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर धुतात, मुळं पाण्यात पसरवून त्यांची लांबी काढतात. धुताना बारीक मुळं वाहून जातात, आणि नेमकी तीच पाणी ओढणारी असतात. पारदर्शक नळी जमिनीत तिरपी रोवून आतून कॅमेऱ्याने पाहायचीही पद्धत आहे, मिनिरायझोट्रॉन. तिचा मोठा फायदा म्हणजे तेच मूळ आज, आठवड्याने, महिन्याने पाहता येतं. खोट अशी की वरच्या थरात ती मुळं कमी दाखवते आणि नळीच्या कडेने मूळ फसवं खाली घसरत जातं. कोपनहेगनच्या संशोधकांनी तर ४ मीटर उंचीचे मातीचे मनोरे उभे केलेत, बाजूच्या झडपा उघडून मुळं पाहायची.

आता वाफसादादांच्या चार-दोन मुळांबद्दल.

जगभरच्या मोजण्या एकत्र केल्या तर पिकांची सुमारे ७० टक्के मुळं वरच्या ३० सेंटिमीटरमध्येच सापडतात. हे वाचलं की वाटतं, मग खालचं सोडूनच द्या. पण मुळांचं प्रमाण म्हणजे कामाचं प्रमाण नव्हे. गव्हाच्या वरच्या थरात एका घनसेंटिमीटर मातीत ५ ते १० सेंटिमीटर मूळ असतं, पाण्याच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त. १ सेंटिमीटरच्या आसपास असलं तरी त्या मातीतलं उपलब्ध पाणी बहुतेक उचललं जातं. खाली एक मीटरला ते अर्ध्या सेंटिमीटरच्याही खाली येतं. तिथे एकेक मूळ महत्त्वाचं.

ऑस्ट्रेलियात जॉन किर्केगार्ड आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये याचा हिशेबच मांडला. फुलोऱ्यानंतर गव्हाने १.३५ ते १.८५ मीटर या थरातून फक्त १०.५ मिलिमीटर पाणी जास्त घेतलं, आणि हेक्टरी ६२० किलो उत्पन्न वाढलं. मिलिमीटरला ५९ किलो. अख्ख्या हंगामाचा हिशेब धरला तर मिलिमीटरला २० किलोच्या आसपास ही वरची मर्यादा मानतात. जवळपास तिप्पट का? कारण हे पाणी दाणा भरतानाच हाती लागलं, त्यातून नुसती पानं वाढली नाहीत.

तेव्हा दादा, ती चार मुळं नुसती दिसायला नाहीत. मात्र ती काम करताहेत की नाही हे मुळं मोजून कळणार नाही, पाणी मोजून कळेल.

शेतसार

केसमूळताई, तुमचं लिखाण आवडलं, पण यातून ‘खोल तेवढं चांगलं’ असा समज होऊ नये म्हणून लिहितो. स्फुरद (फॉस्फरस) जमिनीत फारसा हलत नाही आणि बहुतेक वरच्याच थरात असतो. घेवड्यावरच्या अभ्यासांत हे स्पष्ट दिसलंय, ज्या वाणांची मुळं उथळ कोनात पसरतात ते स्फुरद कमी असलेल्या जमिनीत सरस, ज्यांची खाली झेपावतात ते पाणी कमी असताना सरस. मूळ वाढवायलाही झाडाला अन्न मोजावं लागतं. उथळ जमिनीत, जिथे हातभर खाली खडकच आहे, तिथे खोल मुळांचं वाण घेऊन काय उपयोग?

आणि खाली ओलच नसेल तर मूळ तिथे जाणारही नाही. मूळ ओल शोधत कोरड्या थरातून जातं हे मी अनेकदा ऐकलंय. तसं नसतं. ते ओल्या मातीतून ओल्या मातीत वाढतं.

केसमूळ

शेतसार, तुमचं सगळं मान्य, शेवटचा मुद्दा तर प्रत्येक शेतकऱ्याला सांगावा असा. हंगामाच्या सुरुवातीला खालपर्यंत जमीन भिजलेली नसेल तर मधला कोरडा थर म्हणजे मुळाला भिंतच. सुरुवातीपासून थोडं थोडं, वारंवार पाणी दिलं की मुळं वरच राहतात यामागेही हेच आहे.

नत्राचं मात्र स्फुरदाच्या उलट. नायट्रेट पाण्याबरोबर खाली धुपतं, ते पकडायला खोल आणि वेगाने उतरणारं मूळच लागतं. म्हणून पेन्सिल्व्हेनियाचे जोनाथन लिंच २०१३ मध्ये मक्याचं आदर्श मूळ सांगताना तीन गुण मागतात: उभा कोन, कमी खर्च, जास्त खोली. कमी खर्च म्हणजे मुळाच्या सालीत हवेच्या पोकळ्या, जेणेकरून तेवढ्याच अन्नात जास्त लांबी मिळावी. तुमच्या ‘अन्न मोजावं लागतं’ला हे उत्तर आहे.

भातातही हे प्रत्यक्ष झालंय. युसाकू उगा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये फिलिपिन्सच्या कोरडवाहू भातातला मुळाचा कोन बदलणारा जनुक उथळ मुळांच्या आयआर-६४ वाणात आणला. मुळं उभी उतरली आणि पाण्याचा ताण असताना उत्पन्न टिकलं.

वाफसा (अडीच महिन्यांनी)

तूर फुलली. पुन्हा खणलं, या वेळी काकांच्या सांगण्यावरून पायऱ्या काढून आणि भावाला सोबत घेऊन.

चराच्या तळाशी, १ मीटर ४५ सेंटिमीटरवर, अजून मुळं होती. खाली किती गेलीत ठाऊक नाही, पुढे खणायची हिंमत झाली नाही. ताई, तुमचं खरं निघालं, मी तिला वेळेआधी पाहिली होती. चोवीसच्या थरात तिचंही सोटमूळ वाकलंय, पण थांबलं नाही. थरात गांडुळाची जुनी बिळं आहेत, पेन्सिलीएवढी, आणि जवळजवळ प्रत्येक बिळात एक तुरीचं मूळ. एका बिळात तर तीन, एकमेकांना चिकटून.

पाणीही मोजलं. शेजारी एक पट्टा तण काढून मोकळा ठेवला होता. गिरमिटाने तूर आणि मोकळा पट्टा दोन्हीकडून दर ३० सेंटिमीटरला माती काढली, ओली तोलली, १०५ अंशांवर चोवीस तास वाळवून पुन्हा तोलली. एका शाळेच्या प्रयोगशाळेतली भट्टी मिळाली म्हणून हे जमलं. १२० सेंटिमीटरला तुरीखालची माती मोकळ्या पट्ट्यापेक्षा स्पष्ट कोरडी होती. मक्याची नोंद मी कापणीआधीच घेतली होती, तिथे ६० च्या खाली दोन्हीकडे ओल सारखीच. म्हणजे माझ्या मक्याच्या खाली ओल होती आणि ती मक्याला मिळत नव्हती. इतकी वर्षं सव्वा मीटरचा हिशेब करून मी जे पाणी दिलं त्यातलं निम्मं त्याच्या हाताबाहेर जात होतं. हे कागदावर लिहून पाहिल्यावर फार लागलं.

आता त्या थराचं काय करू? सबसॉयलर (खालचा कडक थर फोडणारं खोल अवजार) लावू का?

औताचा_धनी

लाव, पण घाई करू नकोस. मी एकदा खाली ओल असताना लावला होता. माती फुटलीच नाही, सुरीने लोणी कापावं तशी फट पडली, बाजू गुळगुळीत झाली आणि पहिल्या पाण्यात सगळं पुन्हा मिटलं. थर कोरडा असेल तेव्हाच तो तडकतो. आणि थराच्या जेमतेम खाली चालव, फार खोल गेलं तर नुसतं इंधन जळतं. त्यानंतर ओलीत गाडी घातलीस तर दोन-तीन हंगामांत थर पुन्हा बसतो, म्हणून चाकाच्या वाटा ठरवून घे आणि दरवर्षी त्याच ठेव.

केसमूळ

काकांचं ऐका. जोडीला तुमच्या शेतात एक काम आपोआप झालंय, ते वाया घालवू नका. तुरीची मुळं कुजली की त्यांच्या जागी उभ्या पोकळ वाटा राहतील. मोहरीवर्गातलं कॅनोला आधी घेतलेल्या शेतात त्याच्या कुजलेल्या मुळांच्या वाटेने सोयाबीनची मुळं कडक थर ओलांडून उतरताना कॅमेऱ्यात दिसली आहेत. तूर कापल्यावर तो पट्टा खोल नांगरू नका, नाहीतर वाटा वरून बंद होतील.

वाफसा

मग पुढचा मका अर्धा तुरीच्या पट्ट्यावर, नांगरणी न करता, आणि अर्धा कांद्याच्या पट्ट्यावर, नेहमीसारखा नांगरून. पेरणी एकाच दिवशी, वाण एकच. तुऱ्याला दोन्हीकडे खणतो. मोजायचे चौकोन तेच.

औताचा_धनी

खणशील तेव्हा जुन्या चरापासून दहा पावलं तरी लांब खण. बुजवलेल्या चरातली माती पोकळ असते. मका तिथे दीड मीटर उतरेल आणि तुला वाटेल तुरीने वाट केली.